आजीच्या भजनात चार आवाज का नाहीत?

लाइप्झिग, बुधवार रात्र

प्रिय मनू,

तुझा तीन मिनिटांचा मेसेज आज ट्रॅममध्ये दोनदा ऐकला. आजीच्या भजनी मंडळाचे टाळ, कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या आणि मध्येच तुझा कुजबुजता आवाज: "आई, या सगळ्याजणी एकच चाल का गातात? आमच्या कॉयरमध्ये चार वेगळे आवाज असतात. आपल्या लोकांना तसं येत नाही का?"

शेवटचं वाक्य जरा झोंबलं, खोटं कशाला सांगू! "आलीस मोठी शहाणी" एवढंच लिहून पाठवणार होते. मग आठवलं, की याच प्रश्नावर मी इथे येऊन तोंडावर आपटले होते.

तू दोन वर्षांची होतीस. मी एका हौशी कॉयरमध्ये जायला लागले. तिथल्या बाईंनी माझा आवाज तपासला आणि मला आल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजात, बसवलं. चाल बहुतेक वेळा सोप्रानोवाल्यांकडे, म्हणजे वरच्या आवाजाकडे, आणि आम्ही त्यांच्या खाली तीन-चार सुरांत घुटमळायचं. मला ते जमेचना. दुसऱ्या ओळीपर्यंत माझी गाडी रूळ सोडून सोप्रानोच्या चालीवर गेलेली असायची आणि शेजारची म्हातारी मला कोपरानं ढोसायची. चार माणसं गायला लागली की कानानं चाल शोधायची आणि गळ्यानं तिच्यात मिसळून जायचं, हे सदाशिव पेठेत तीस वर्षं अंगात मुरलेलं. इथे मात्र मला सांगत होते, की चाल ऐक, पण तिकडे जाऊ नकोस. पंगतीत बसून श्रीखंडाकडे बघायचं आणि कोशिंबीर खायची, तसं. दोन महिने लागले. तेव्हा "येत नाही का" याचं पहिलं उत्तर असं, की मला येत नव्हतं, मग आलं.

पण हे चार आवाज युरोपातही आभाळातून पडलेले नाहीत. मठांमधले साधू शेकडो वर्षं प्रार्थना एकाच चालीत गात होते. साथीला वाद्य नाही, ताल नाही. त्याला ग्रेगोरियन गायन म्हणतात. नवव्या शतकातल्या एका ग्रंथात मूळ चालीला समांतर दुसरा आवाज कसा लावायचा ते सांगितलेलं आहे. पुढे बाराव्या-तेराव्या शतकात पॅरिसच्या नोत्र दाम चर्चमध्ये लेओनॅं आणि पेरोतॅं या दोघांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या रचना झाल्या. त्यांत जुनी चाल खालच्या आवाजात एवढी ताणलेली असते, की एकेक सूर तंबोऱ्यासारखा धरून ठेवावा लागतो आणि वरचा आवाज त्याच्यावर नागमोडी फिरतो. त्या धरून ठेवणाऱ्याला टेनर म्हणत. लॅटिनमध्ये तेनेरे म्हणजे धरणे. तुमच्या कॉयरमधली ती वरच्या वर्गातली टेनर मुलं मुळात सूर धरायला उभी आहेत, हे त्यांना सांगून बघ.

आणि हे सगळं टिकलं ते कागदामुळे. अकराव्या शतकात ग्विदो नावाच्या इटालियन साधूनं रेघांवर सूर मांडायची पद्धत बसवली. एका स्तोत्राच्या ओळींची सुरुवातीची अक्षरं घेऊन त्यानं सुरांना उत, रे, मी, फा, सोल, ला अशी नावं दिली. चार माणसांनी एकाच वेळी चार वेगळ्या गोष्टी गायच्या तर लिहून ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही. तुझ्या कॉयरची फाइल हरवली तेव्हा घरात काय आकांत झाला होता आठवतं ना?

आपल्या जुन्या लोकांचा भरवसा कागदापेक्षा पाठांतरावर. ऋग्वेद म्हणताना सूर तीनच, उदात्त, अनुदात्त आणि स्वरित, आणि कुठल्या अक्षरावर कुठला ते ठरलेलं. एकही अक्षर घसरू नये म्हणून घनपाठात शब्द कसे म्हणतात माहितेय? एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन. मग पुढच्या शब्दापासून पुन्हा तेच. दहा जण एकत्र बसले की एकाची चूक बाकीच्या नऊ जणांना लगेच कळते. तिथे कुणी आपला वेगळा सूर लावला तर सगळं कुलूपच निखळेल. आजोबांना विचार, त्यांच्या वर्गातला एक मुलगा वेदपाठशाळेतून आलेला होता. त्याच्या गोष्टी ते रंगवून सांगतात.

दुसरं कारण सुरांचं. आपल्या गाण्यात प्रत्येक सूर षड्जाकडे, म्हणजे सा कडे, तोंड करून उभा असतो. तोडीतला कोमल गंधार आणि मालकंसातला कोमल गंधार पेटीवर एकाच पट्टीवर सापडतो, पण गळ्यात तो एक नसतो. खालून सूरगुच्छ, म्हणजे एकत्र लावलेले सूर, बदलत गेले की त्याच्या उभं राहण्याची जागाच हलते. मी शास्त्रीय दोनच वर्षं शिकले, तेव्हा यापुढे तोंड उघडत नाही.

खरं उत्तर मला वाटतं रस्त्यावर आहे. तुझं नशीब, यंदा पालखीच्या दिवसांत तू पुण्यात आहेस. माउलींची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाला उतरते, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. आजीबरोबर जा आणि नुसती गर्दी बघून परत येऊ नकोस. एक दिंडी निवड आणि तिच्याबरोबर पाचशे पावलं चाल. पुढे भगव्या पताका, मग दोन रांगांत टाळकरी, मध्ये पखवाज आणि गळ्यात वीणा घेतलेले विणेकरी, मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. पखवाजाच्या डाव्या तोंडावर भिजवलेली कणीक थापलेली दिसेल. तिच्यामुळे तो घुमारा येतो. (हो, पोळीचीच कणीक. घरी येऊन आजोबांच्या तबल्यावर प्रयोग करू नकोस.)

एक जण अभंगाची ओळ उचलतो, तीही वरच्या पट्टीत, काळी चार नाहीतर काळी पाच. बाकीचे ती झेलतात. या झेलणाऱ्या आवाजांना आपल्याकडे शब्दसुद्धा आहेत. गोंधळात, पोवाड्यात मागे उभे राहतात ते झीलकरी, ते झील धरतात. आणि "त्याची री ओढू नकोस" असं मी तुझ्या बाबांना म्हणते ना, ती री गाण्यातलीच. पुढच्यानं सोडलेला सूर मागच्यांनी ओढत न्यायचा. बोलण्यात तिची हेटाळणी झाली, गाण्यात मात्र तिच्यावाचून पान हलत नाही.

मी नऊ वर्षांची असताना आजोबांबरोबर लक्ष्मी रोडला केळी वाटायला उभी होते. एका वारकरी बाबांची चप्पल तुटली. पालखीत रस्त्याकडेला फुकट चपला शिवून देतात, तिथे ते बसले आणि हातातले टाळ मला दिले, "धर गं माउली जरा." मी धरले. दिंडी तर थांबली नव्हती, मागचे लोक पुढे सरकत होते, म्हणून मीही सरकले. अभंग मला येत नव्हता. पहिल्यांदा ओळ ऐकली, दुसऱ्यांदा अर्धी म्हटली, तिसऱ्यांदा ती माझ्याच तोंडातून आली. बेलबाग चौकापर्यंत मी पुरती वारकरी झाले होते आणि मागे आजोबा केळ्यांची टोपली टाकून मला शोधत होते.

असं कशामुळे होतं ते बोटांवर मोजून बघ. सुं-द-र-ते-ध्या-न, सहा. उ-भे-वि-टे-व-री, सहा. क-र-क-टा-व-री, सहा. ठे-वो-नि-या, चार. तुकोबांचा हा अभंग, आणि मोठ्या अभंगाचं माप हेच: सहा, सहा, सहा, चार. लघु-गुरूची भानगड नाही, अक्षरं मोजली की झालं. शेवटचा चरण आखूड, म्हणजे श्वास घ्यायला जागा. आणि धृपद, म्हणजे पालुपदाची ओळ, फिरून फिरून येतं, म्हणजे उशिरा आलेल्यालाही गाडी पकडता येते. तुझ्या कॉयरमध्ये मंगळवारची तालीम दोनदा बुडवली की बाई कार्यक्रमाला उभं करत नाहीत. दिंडीत केळी वाटणारी नऊ वर्षांची पोरगी भर रस्त्यात सामील होऊ शकली पाहिजे. तिथे चार आवाजांची रचना दोन चौकसुद्धा टिकणार नाही.

आणि ती एक चाल खरंच एक असते का? डोळे मिटून ऐक. एखादी आजी एक सप्तक वर गेलेली असते, कुणी शेवटचा सूर घसरत खाली आणतो, कुणी अर्धी मात्रा मागून येतो. कागदावर एकच ओळ, कानात चाळीस. इंग्लंडच्या टॉमस टॅलिसनं सोळाव्या शतकात खरोखरच चाळीस स्वतंत्र आवाजांची एक प्रार्थना रचली होती. ती मी इथे ऐकली तेव्हा भिंतीवर लाट फुटावी तसं वाटलं. लक्ष्मी रोडला लाट अंगावर येत नाही, तुम्ही तिच्यातच असता.

"पण मग कंडक्टर कोण?" असं विचारशील. मुक्कामाच्या तळावर संध्याकाळी समाजआरतीला सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळांचा नुसता कल्लोळ. चोपदार आपला चोप, म्हणजे हातातला दंड, वर करतात आणि तो सगळा आवाज एका क्षणात थांबतो. हजारो टाळ, आणि एकदम शांत. फक्त एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिच्याकडे जातात, गाऱ्हाणं ऐकतात आणि त्यानंतर आरती होते. तक्रार करायची ही तऱ्हा मला फार आवडते. तुमच्या बाईंसमोर मात्र करून बघू नकोस.

इकडची एक गंमत. तू सायकलनं ज्या थॉमस चर्चवरून जातेस, तिथल्या मुलांच्या कॉयरची सुरुवात १२१२ सालची. ज्ञानेश्वरीच्या शेवटी आहे, "शके बाराशते बारोत्तरे." आकडा तोच! मी उड्या मारत आजोबांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "अगं, शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९०." माझा फुगा फुटला. तरी एक साम्य उरतंच. ज्ञानदेव-तुकोबांनी देवाचं बोलणं मराठीत आणलं, तसं मार्टिन लूथरच्या मंडळींनी १५२४ मध्ये साध्या जर्मनमधल्या प्रार्थनागीतांचं पहिलं छोटं पुस्तक छापलं. चर्चमध्ये बसलेल्या चांभार-सुतारांनाही गाता यावं म्हणून. संगीतकार बाख १७२३ ते १७५० थॉमस चर्चमध्ये कामाला होता. तो अशाच लोकांच्या तोंडच्या चालींभोवती बाकीचे आवाज विणायचा.

आता "आपले लोक" म्हणजे कोण, तेही एकदा बघू. गुरुवार पेठेत पंचहौदला पवित्र नाम देवालय नावाचं चर्च आहे. (१८९० मध्ये याच पंचहौद मिशनमध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे वगैरे मंडळी चहा प्याली म्हणून पुण्यात केवढा गहजब झाला होता! प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. चहासाठी.) मराठी ख्रिस्ती घरांत नाताळची गाणी चार आवाजांत म्हणणारे लोक आहेत. आणि त्याच चर्चमध्ये पेटी-तबल्यावर रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनंही चालतात. हे टिळक वेगळे, कवी. त्यांनी ख्रिस्तासाठी अभंग लिहिले. बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, मंडळींनी तर एकोणिसाव्या शतकात मोशे आणि अब्राहामच्या कथांची मराठीत कीर्तनं केली. रास्ता पेठेत त्यांचं प्रार्थनास्थळ आहे, आजीला दाखवायला सांग. तेव्हा आपल्या लोकांना येतं, मनू. दोन्ही येतं.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडची सारखी आणि अवघड आहे. सामील व्हायला सगळ्यांना जागा, असं मी वर लिहिलं, पण चोखोबांना देवळाबाहेर उभं राहून गावं लागलं. पंढरपूरचं देऊळ दलितांसाठी उघडलं ते १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. आणि थॉमस चर्चच्या त्या कॉयरमध्ये अजूनही फक्त मुलगे गातात. तू कितीही सुरेल गायलीस तरी तुला तिथे जागा नाही. आजीच्या लहानपणी बायकांचं भजनी मंडळ निघालं तेव्हा पणजोबा आठवडाभर घुम्यासारखे बसले होते, असं ती सांगते. खरं-खोटं तिलाच विचार.

गुरुवारी भजनाला पुन्हा जाशील तेव्हा आजीच्या शेजारी बस आणि टाळ माग. टाळांची दोरी मनगटाला दोन वेढे दे, नाहीतर अर्ध्या तासात बोटं दुखतील. हळूच तिच्या चालीच्या खाली आल्टो लावून बघायची खोड तुला येणारच, मी ओळखून आहे. लाव एखाद्या ओळीला. आजी कोपरानं ढोसते का ते मला कळव.

आणि आजोबा आरतीत "येई हो विठ्ठले" म्हणताना शेवटचा "ये" श्वास संपेपर्यंत ताणतात, तेव्हा हसू नकोस. मीही लहानपणी त्यांच्याशी शर्यत लावायचे. अजून जिंकलेले नाही.

तुझी,
आई