उत्तर: क्रम्बलचा वरचा थर फिका आणि खाली पाणीच पाणी

"१८० वर चाळीस मिनिटं ठेवलं, तरी वरचा चुरा फिका नि मऊ, आणि खाली सफरचंदं पाण्यात पोहतायत." क्रम्बलबद्दलचं (सफरचंदाच्या फोडींवर मैदा-लोणी-साखरेचा चुरा पसरून ओव्हनमध्ये भाजलेला गोड पदार्थ) तुमचं हे वाक्य वाचून चमकलेच. जवळपास याच शब्दांत मी एका सर्व्हिस सेंटरच्या तक्रारअर्जावर लिहून दिलं होतं. वर बऱ्याच जणांनी सफरचंदाची जात बदला, साखर कमी करा असं सुचवलंय. चुकीचं नाही, पण माझं मत विचाराल तर आधी ओव्हनवर संशय घ्या.

मैदा २०० ग्रॅम, लोणी १००, साखर १०० हे तुमचं प्रमाण उत्तम आहे. लोणी थंड हवं, जास्त मळायचं नाही वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात शिरत नाही.

सफरचंदात साधारण ८५ टक्के पाणीच असतं, त्यामुळे रस सुटणारच. ओव्हन खरोखर १८० ला असेल तर तो रस कडेने रटरटतो, थोडी वाफ निघून जाते आणि उरलेला साखर नि पेक्टिनमुळे (फळातला दाटपणा आणणारा घटक) दाटतो. ओव्हन थंड पडत असेल तर सफरचंद शिजतं, रसही सुटतो, पण आटत नाही. तिकडे लोणी ३५ अंशांच्या आसपासच वितळतं. चुरा पटकन भाजून धरला नाही, तर ते लोणी मुकाट्याने खाली उतरतं आणि वर फिका लगदा राहतो. म्हणजे तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच असू शकतं.

आता त्या सर्व्हिस सेंटरबद्दल. माणूस आला, ओव्हन लावला, रॉड लाल झालेला दाखवला आणि म्हणाला, "हीटिंग ओके आहे." अहो, रॉड तापतो हे मलाही दिसत होतं! आत तापमान किती होतं, हा प्रश्न होता. तापमान मोजायला त्याच्याकडे काहीही नव्हतं. फोन केला की "रेसिपी तपासून बघा मॅडम". लेखी मागितलं तर तक्रार 'निकाली' दाखवून बंद, पुन्हा नवा नंबर, पुन्हा तोच लाल रॉड. या फेऱ्यांत वॉरंटी संपली आणि मग तेच लोक म्हणाले की आता तपासणीचे पैसे पडतील. शेवटी बाहेरच्या एका मेकॅनिकने मागचं पॅनल उघडलं. थर्मोस्टॅटची (ठरलेलं तापमान राखणाऱ्या भागाची) तापमान ओळखणारी नळी क्लिपमधून निसटून तापलेल्या पत्र्याला टेकली होती. तिला वाटायचं ओव्हन तापला, की ती वीज तोडायची. ती जागेवर बसवली आणि काम झालं. (तुमचंही हेच असेल असं म्हणत नाही. आणि पॅनल स्वतः उघडू नका, प्लीज.)

तेव्हा ओव्हन थर्मामीटर आणा आणि मधल्या रॅकवर ठेवा. एकदाच आकडा बघून निकाल देऊ नका, ओव्हन चालू-बंद होत राहतो. अर्ध्या तासानंतर दर पाच मिनिटांनी बघून सरासरी काढा. आकड्यांचा फोटो तक्रारीला जोडा. फोटो असला की "रेसिपी तपासा" म्हणणं जरा अवघड जातं.

थर्मामीटर नसेल तर साखर वापरा. ती साधारण १८६ अंशांना वितळते. फॉइलच्या वाटीत चमचाभर घेऊन तापलेल्या ओव्हनमध्ये १७५ वर पंधरा मिनिटं ठेवा, ती कोरडीच राहायला हवी. मग नवी साखर १९० वर तेवढाच वेळ. तीही कोरडी राहिली तर ओव्हन खोटं बोलतोय. चाचणी ढोबळ आहे, पाच-सात अंशांचा फरक तिला कळणार नाही.

सफरचंदाचं थोडक्यात: ग्रॅनी स्मिथसारखं आंबट, घट्ट जातीचं घ्या, फोडी टिकतात. फोडींना साखर लावून अर्धा तास ठेवायचं, सुटलेला रस वेगळा आटवून परत घालायचा. ही खटपट मला आवडते, पण ओव्हन नीट असेल तर तिच्यावाचून अडत नाही. कॉर्नफ्लोअर घालणार असाल तर कडेने जाड बुडबुडे येईपर्यंत बाहेर काढू नका, नाहीतर त्याचा उपयोग शून्य. आणि गरमागरम वाढू नका. वीसेक मिनिटं थांबलात तर रस आपोआप दाटतो. "खाली पाणी" ही अर्धी तक्रार कधीकधी नुसत्या घाईची असते. ओव्हनमधला पंखा लावून भाजत असाल तर मात्र १६० पुरे, नाहीतर वरून करपेल.

तुमचा ओव्हन नॉबचा आहे की डिजिटल, ते लिहा. डिजिटल असेल तर मॅन्युअलमध्ये तापमान वर-खाली जुळवून घ्यायची सेटिंग आहे का बघा. बऱ्याच मॉडेलांत असते, मग कुणाला बोलवायलाच नको.