मुलीचा केमोपोर्ट बदलायचाय, छातीवर आणखी एक व्रण पडेल का?
पडेलच असं नाही; जुना पोर्ट (केमोचं औषध शिरेत सोडायला त्वचेखाली बसवलेली छोटी डबी) काढताना सर्जन बहुतेक वेळा आधीच्याच व्रणावर छेद घेतात, आणि तिथली त्वचा व शीर चांगली असेल तर नवा पोर्टही बऱ्याचदा तिथेच बसतो. मी लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात नर्स आहे, असे व्रण रोज बघते: कॉलरबोनखाली २-३ सेंटीमीटरची रेघ, मानेवर तांदळाच्या दाण्याएवढी खूण. पोर्टला जंतुसंसर्ग झाला असेल, तर मात्र नवा सहसा दुसऱ्या बाजूला बसवतात, म्हणजे व्रण दोन. जखम पूर्ण भरल्यावर डॉक्टरांना विचारून सिलिकॉन जेल लावा, उन्हापासून जपा. लाली फिकी व्हायला वर्षभरही लागतं, घाबरू नका. घरात कुणाला केलॉइड (जखमेच्या कडेबाहेर वाढणारा जाड, फुगीर व्रण) होत असेल तर ऑपरेशनआधीच सांगा. छातीवर तो लवकर उठतो.