विहिरीतला हिरवट खडा: हिरा की गारगोटी?

प्रश्न असा आहे: सिन्नरकडे विहीर खोदताना काळ्या दगडाच्या पोकळीत फिकट हिरवे, चौकोनी, पारदर्शक खडे मिळाले. हिरा आहे की गारगोटी, किंमत किती, आणि ॲसिडने धुऊ का?

हिरा विसरा. ॲसिडची बाटली आधी जागेवर ठेवा.

वर्णनावरून अपोफिलाइट (काळ्या दगडाच्या पोकळ्यांत वाढणारं खनिज) वाटतो. गारगोटीचा खडा सहा बाजूंचा, बाजूंवर आडव्या रेघा. याच्या बाजू चार, रेघा उभ्या, माथ्यावर मोत्यासारखी झाक. मागच्या तुटक्या कडेवर (दर्शनी बाजूवर अजिबात नको) चाकूचं टोक ओढा. गारगोटी, काठिण्य ७ (१ ते १० च्या मोहस मापावर), दाद देत नाही, अपोफिलाइटवर, ४.५ ते ५, ओरखडा उठतो. सुटा तुकडा असेल तर दोऱ्याने पाण्यात टांगून वजन करा. कोरडा ११८ ग्रॅम आणि पाण्यात ६८ भरला, तर फरक ५०, आणि ११८ भागिले ५० म्हणजे विशिष्ट गुरुत्व २.३६, अपोफिलाइटचं. गारगोटी २.६५ देते. काळा दगड चिकटलेला असेल तर हे गणित फसतं.

आता ॲसिड. ‘गारगोटीला काही होत नाही’ म्हणणाऱ्यांशी माझा वाद जुना आहे. गारगोटीला होत नाहीच, पण ही गारगोटी नाही! सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थिजला, वायूचे बुडबुडे पोकळ्या होऊन राहिले. पुढे खडकातून झिरपणाऱ्या गरम पाण्यातून कॅल्शियम, पोटॅशियम, सिलिका आली आणि पोकळीच्या भिंतीवर खडे वाढले. थोडं पाणी त्यांच्या रचनेतच राहिलं. हायड्रोक्लोरिक ॲसिड त्या रचनेतलं कॅल्शियम ओढून नेतं, मागे सिलिकाचा पांढुरका थर. गेलेली चकाकी परत येत नाही. सोबत वाढणाऱ्या स्कोलेसाइट या खनिजाच्या सुयांची तर खळ होते. वर बसलेला कॅल्साइट (चुन्याचं खनिज) फसफसून निघतो म्हणून लोक खूश होतात, तोवर खालचा खडा मेलेला असतो.

साधं पाणी, मऊ ब्रश, फटीतल्या मातीला बांबूची काडी. चिखल हटत नसेल तर रात्रभर भिजवा, सावलीत वाळवा. उन्हात तापलेल्या खड्यावर गार पाणी ओतलंत तर आडवा चिरतो, त्याचं पाटन (सहज चिरण्याची दिशा) तसंच आडवं आहे.

किमतीचं म्हणाल, तर टोकं शाबूत असतील तरच बोलणं सुरू होतं. अर्थात न बघता खात्री कोण देणार? सिन्नरच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीतल्या गारगोटी संग्रहालयात जा आणि तिथल्या नमुन्यांशी ताडून पाहा. नाव गारगोटी असलं तरी तिथे बघायचे ते झिओलाइट (अशाच पोकळ्यांत वाढणारी, रचनेत पाणी धरणारी खनिजं) आणि त्यांच्यासोबत सापडणारा अपोफिलाइट. आणि उत्साहात नाशिकजवळच्या पांडवलेणीवर हातोडी नेऊ नका, ते संरक्षित स्मारक आहे.