संगीत नीट ऐकण्यासाठी खर्च आधी कशावर करावा?

प्रश्न : आमच्या १० फूट बाय १४ फुटांच्या दिवाणखान्यात जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि ८ ओहमचे दोन मध्यम आकाराचे स्पीकर आहेत. स्पीकर भिंतभर शोकेसच्या दोन टोकांना, अगदी कोपऱ्यांत बसवले आहेत. मोबाईलवरून ब्लूटूथने मी मुख्यतः ख्यालगायन ऐकतो. तानपुरा नुसता घुमतो, डग्गा जड वाटतो आणि बंदिशीचे शब्द कळत नाहीत. दुकानदार दुप्पट वॅटचा ॲम्प्लिफायर आणि महागड्या केबल सुचवतात. ४० हजार रुपये खर्चण्याची तयारी आहे. काय घ्यावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण लिहिलेल्या तिन्ही तक्रारींचे मूळ बहुधा स्पीकरच्या जागेत आहे, म्हणून दुकानात जाण्यापूर्वी ते शोकेसमधून बाहेर काढावेत, असा माझा आग्रह आहे.

प्रत्येक खोलीत तिच्या लांबी-रुंदीनुसार काही ठरावीक खालचे स्वर वाजवीपेक्षा जास्त घुमतात. आपल्या दिवाणखान्यात लांबीमुळे सुमारे ४० हर्ट्झ, रुंदीमुळे सुमारे ५६ हर्ट्झ आणि दोन्हींच्या एकत्रित परिणामामुळे सुमारे ७० हर्ट्झ या कंपनसंख्यांवर असा घुमारा येणार. गायकाची पट्टी काळी एक (म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा षड्ज) असेल, तर तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर लागते, आणि डग्ग्याची आसही (घावानंतर रेंगाळणारा नाद) याच परिसरात असते. कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर खोलीतील ही कंपने सर्वाधिक चेतवतो. खर्ज असा फुगला की तो वरच्या सूक्ष्म ध्वनींना झाकून टाकतो. तानपुऱ्याची जवारी (तारेचा झणझणता, भरलेला नाद) आणि शब्दांतली व्यंजने ही नेमकी त्या वरच्या भागातली असल्यामुळे आधी तीच हरवतात. वॅट वाढवून हा दोष जात नाही, उलट तोच अधिक मोठ्याने ऐकू येतो.

स्पीकर १० फुटांच्या भिंतीसमोर, तिच्यापासून दीड-दोन फूट पुढे, भक्कम स्टँडवर अशा उंचीने ठेवावेत की ट्वीटर (उंच स्वर वाजवणारा छोटा स्पीकर) बसलेल्या माणसाच्या कानाच्या पातळीत येईल. दोन्हींत सुमारे सहा फूट अंतर असावे आणि आपली बैठक प्रत्येकापासून तेवढ्याच किंवा थोड्या अधिक अंतरावर असावी. मात्र ती मागच्या भिंतीला टेकलेली नसावी. मग एखादा परिचित विलंबित ख्याल लावून स्पीकर दोन-दोन इंच पुढेमागे सरकवत डग्ग्याचा प्रत्येक घाव सुटा ऐकू येतो का, ते पाहावे. फरशी उघडी असेल तर स्पीकर आणि बैठक यांच्यामध्ये जाड सतरंजी अंथरावी व खिडकीला जड पडदा लावावा, म्हणजे वरच्या पट्टीतला खणखणाट कमी होईल.

स्पीकरची जाळी काढून आतल्या कंप पावणाऱ्या शंकूभोवतीची (‘कोन’भोवतीची) कडही तपासावी. ती फोमची असेल तर आपल्या दमट हवेत काही वर्षांनी तिचा भुगा होतो आणि आवाज फाटतो. पण चांगला कारागीर नवी कड बसवून देतो, त्यासाठी स्पीकर टाकून देण्याचे कारण नाही.

ॲम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केली तरी आवाजात केवळ ३ डेसिबलची भर पडते, आणि घरातल्या बेताच्या आवाजाला एरवी थोडे वॅट पुरतात. सध्याचा ॲम्प्लिफायर गुणगुणत नसेल आणि आवाजाचे बटण फिरवताना खरखर होत नसेल, तर तो ठेवावा. केबलवर तर मुळीच पैसे घालवू नयेत. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पाच मीटर लांब घेतली, तरी जाण्यायेण्याचा मिळून तिचा रोध सुमारे ०.०७ ओहम भरतो. ८ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य आहे. लाल व काळी टोके दोन्ही स्पीकरना सारखी जोडणे अधिक महत्त्वाचे, कारण एका बाजूला ती उलटी झाली तर गायक मधोमध उभा राहत नाही आणि खर्ज विरतो.

ब्लूटूथवर संगीत बहुधा आणखी एकदा संकुचित होऊन येते, म्हणून मोबाईलला छोटा डॅक (डिजिटल संकेताचे ध्वनिसंकेतात रूपांतर करणारे उपकरण) जोडून तो तारेने ॲम्प्लिफायरला द्यावा आणि संगीताच्या ॲपमध्ये दर्जा सर्वोच्च निवडावा. सीडीचा १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ हा दर्जा माणसाच्या २० हजार हर्ट्झपर्यंतच्या श्रवणमर्यादेला पुरेसा आहे. त्याहून वरच्या आकड्यांसाठी जादा किंमत मोजू नये. ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्यांवरून घेतलेल्या जुन्या ध्वनिमुद्रणांत मुळात जे उतरलेच नाही, ते कोणतेही यंत्र आणू शकत नाही.

एवढे केल्यावरही समाधान झाले नाही, तर उरलेली सगळी रक्कम स्पीकरच्या नव्या जोडीवर घालावी. निवडताना दुकानाच्या झगमगीत नमुना-गाण्यांऐवजी आपल्या कानात बसलेले ध्वनिमुद्रण लावायला सांगावे, दोन्ही जोड्यांचा आवाज सारखा ठेवून ऐकावे, कारण किंचित मोठा आवाज नेहमीच सरस भासतो, आणि घरी नेऊन काही दिवस ऐकल्यावर परत करण्याची मुभा लेखी घ्यावी.