पडताळणीच्या अर्जात काय लिहायचं?

प्रश्न : कॉलेजात असताना एका मारामारीत माझ्यावरही गुन्हा दाखल झाला होता. पुढे न्यायालयाने निर्दोष सोडलं. समाजकार्याचं शिक्षण घेतलं, आता एका बालगृहात समुपदेशक म्हणून निवड झाली आहे. चारित्र्य पडताळणीच्या अर्जात विचारलंय, ‘आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का?’ ‘नाही’ लिहिलं तर चालेल का? खरं लिहिलं तर हातची नोकरी जाईल, या भीतीने झोप लागत नाही.

उत्तर : ‘नाही’ लिहू नका. बालगृहाच्या निवड समितीवर मी बरीच वर्षं बसते आहे, म्हणून समितीला हे कसं दिसतं तेच सांगते. तरुणपणची मारामारी आणि त्यात निर्दोष सुटका, एवढ्यावरून मी कुणाला नाकारणार नाही. पण अर्जात ‘नाही’ आणि पोलिसांच्या अहवालात नोंद, असं समोर आलं तर मला तुमच्या आजच्या वागण्याचा विचार करावा लागेल. समुपदेशकाला मुलांच्या नोंदी लिहायच्या असतात. कुणाच्या पाठीवर वळ दिसले, घरी जायचं म्हटलं की कोण गप्प होतं, हे सगळं त्यात येतं. बाल कल्याण समिती अशा नोंदी पाहून मुलाला घरी पाठवायचं की नाही ते ठरवते. अडचणीचं सत्य गाळणाऱ्या माणसाच्या हाती ती वही देता येत नाही.

प्रश्न शब्दशः वाचा. गुन्हा दाखल होणं, आरोपपत्र जाणं, खटला चालू असणं आणि शिक्षा होणं या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. ‘शिक्षा झाली आहे का’ असं विचारलं असतं, तर तुमचं ‘नाही’ खरं ठरलं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग खटल्यात सांगितलं, की अर्जात नेमकं जे विचारलंय ते खरं सांगायला हवं; जे विचारलंच नाही ते न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. तरुण वयातली किरकोळ बाब दडवली गेली असेल तर ती माफ करण्याची मुभाही न्यायालयाने नियोक्त्याला ठेवली. मात्र खरं सांगितलं म्हणून नेमणूक द्यायलाच हवी, असं बंधन नाही. तो निकाल सरकारी नोकऱ्यांबद्दलचा आहे, पण खासगी संस्थेतही मी हाच न्याय लावते.

तेव्हा ‘होय’ लिहा. खाली पोलीस ठाणं, साल, गुन्हा क्रमांक, न्यायालयाचं नाव आणि निकालाची तारीख द्या. न्यायालयाच्या नक्कल विभागातून निकालाची प्रमाणित प्रत काढून जोडा. तुमच्या सुटकेची नोंद पोलिसांच्या दप्तरात चढलीच असेल, असं धरून चालू नका. मित्रांनी कसं गोवलं याचं पानभर वर्णन नको. आणि पोलिसांचा अहवाल यायच्या आधीच बालगृहाच्या अधीक्षकांना भेटून हे तोंडी सांगा.

तुमच्या भीतीला आधार आहे, हे मला मान्य आहे. काही संस्था नोंद दिसली की पुढचं वाचतच नाहीत. ब्रिटनमध्ये एका मुलाला अकराव्या वर्षी दोन सायकलींच्या चोरीवरून पोलिसांनी समज दिली होती. सतराव्या वर्षी फुटबॉल क्लबात काम मागताना आणि पुढे क्रीडा अभ्यासक्रमाला प्रवेश घेताना तीच नोंद वर आली. अशा जुन्या, किरकोळ गोष्टी सरसकट उघड करणं त्याच्या खासगी आयुष्याच्या हक्काविरुद्ध आहे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ठरवलं. या नोंदीचा या कामाशी काय संबंध, हे समितीने विचारलंच पाहिजे. मुलांवरच्या अत्याचाराची नोंद आणि कॉलेजातली मारामारी यांना एकच माप लावणारी समिती तिचं काम करत नाही.

प्रश्न : आमच्या वृद्धाश्रमात काळजीवाहक नेमताना पोलिसांचं प्रमाणपत्र निरंक आलं की आम्ही रुजू करून घेतो. एक विश्वस्त म्हणतात, एवढं पुरेसं नाही. आणखी काय करायचं?

उत्तर : विश्वस्तांचं बरोबर आहे. निरंक म्हणजे दप्तरात सापडलं नाही, इतकंच. अंथरुणाला खिळलेल्या, विस्मरण झालेल्या आजी तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात जात नाहीत. त्यांना कुणी चिमटे काढले तर त्याची नोंद होणार कुठे?

इंग्लंडमधल्या सोहम गावी ऑगस्ट २००२ मध्ये दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. खुनी एका शाळेचा केअरटेकर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा कर्मचारी होता. आधी दुसऱ्या भागात राहत असताना त्याच्यावर लैंगिक गुन्ह्यांचे अनेक आरोप झाले होते, पण त्यांत शिक्षा झालेली नव्हती. तरी त्याला शाळेत नोकरी कशी मिळाली, याची कारणं २००४ च्या बिचर्ड चौकशी अहवालाने मांडली : आधीच्या भागातल्या पोलिसांनी माहिती नीट जपली नाही, तो दोन आडनावं वापरायचा पण नेमणुकीच्या वेळी दोन्हींनी नीट शोध झाला नाही, आणि शाळेनेही नोकऱ्यांमधले खंड व शिफारसपत्रं पुरेशी तपासली नाहीत.

म्हणून अर्जात आधीची सगळी नावं मागा, लग्नाआधीचंही. राहण्याचे जुने पत्ते घ्या. नोकऱ्यांमधल्या रिकाम्या काळाबद्दल सरळ विचारा. बाळंतपण, आजारपण अशी साधी कारणं बहुधा मिळतात. उमेदवाराने हातात दिलेल्या शिफारसपत्रावर थांबू नका. आधीच्या संस्थेचा नंबर स्वतः शोधून फोन करा आणि एवढंच विचारा, ‘पुन्हा कामावर घ्याल का?’ त्यावर समोरचा माणूस घुटमळला, तर घाई न करता त्याला बोलू द्या. अहवाल येईपर्यंत नव्या माणसाला एकट्याने रात्रपाळी देऊ नका. आजी-आजोबांची एटीएम कार्डं त्याच्याकडे कधीच नकोत, अहवाल आल्यावरही.

मुलांशी संबंध येणाऱ्या संस्थांना कंत्राटी माणसांसकट सर्वांची पडताळणी ठरावीक काळाने पुन्हा करावी लागते. मुलांवरचे लैंगिक अत्याचार रोखण्यासाठीच्या पॉक्सो कायद्याचे २०२० चे नियम तसं सांगतात. वृद्धाश्रमानेही तोच पायंडा पाडावा.

प्रश्न : पडताळणीचा खर्च उमेदवाराकडून घ्यावा का? आणि अहवाल कुठे ठेवायचा?

उत्तर : खर्च संस्थेने करावा. पडताळणीची गरज तिची आहे आणि काळजीवाहकाचा पगार मुळातच तुटपुंजा असतो. अहवाल कुलपात ठेवा. नेमणुकीचा निर्णय ज्यांच्या हाती आहे त्यांनीच तो वाचावा, ऑफिसातल्या इतरांनी नाही.