वाचक विचारतात : पंचायतीपर्यंत आलेला फायबर

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायत कार्यालयात काही वर्षांपूर्वी फायबरची पेटी बसवली. तिच्यावर एक लाल दिवा कायम लुकलुकतो आणि इंटरनेट काही चालत नाही. हे काम पूर्ण झाले असे म्हणायचे का?
— एक वाचक, ता. भूम, जि. धाराशिव

उत्तर : कागदोपत्री बहुधा पूर्ण झाले असेल. पेटीवरच्या त्या लाल दिव्यापाशी ‘एलओएस’ अशी अक्षरे असतील, तर तालुक्याच्या एक्स्चेंजमधून निघालेला प्रकाश तुमच्या पेटीपर्यंत पोहोचत नाही. म्हणजे केबल वाटेत कुठेतरी तुटली आहे किंवा तिचा जोड निसटला आहे. एकही दिवा लागत नसता, तर दोष विजेचा, अ‍ॅडॉप्टरचा किंवा बॅटरीचा मानता आला असता आणि तो गावातच दुरुस्त झाला असता.

केबल वारंवार का तुटते, याचे मूळ योजनेच्या आखणीत आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे ‘भारतनेट’ हे नाव मिळालेल्या या योजनेत फायबर तालुक्याहून गावाकडे एकाच मार्गाने नेला गेला, त्यामुळे रस्तारुंदीकरणात किंवा पाण्याची पाइपलाइन टाकताना जेसीबीचा एक घाव बसला की त्यापुढची गावे एकदम बंद पडतात. पहिल्या टप्प्यात डिसेंबर २०१७ पर्यंत एक लाखाहून अधिक ग्रामपंचायती जोडल्या गेल्या. पण मोजणी झाली ती जोडलेल्या पंचायतींची, आणि जोडलेली पंचायत ही चालू असलेली पंचायत असतेच असे नाही. ही चूक उशिरा का होईना ओळखली गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला, त्यात पंचायती वर्तुळाकार मार्गाने जोडायच्या आहेत, म्हणजे एका बाजूने केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा सुरू राहील. देखभालीची तरतूदही त्यात आधीपासून धरली आहे.

तोवर तुम्ही काय करावे? सेवा कोणत्या तारखेपासून बंद आहे आणि कोणता दिवा लागतो, हे लिहून ग्रामपंचायतीमार्फत लेखी तक्रार करा आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय थांबू नका. त्यानंतर दहा रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात विचारा, की आमच्या पंचायतीची सेवा किती दिवस बंद होती आणि दुरुस्ती कोणाकडे सोपवली आहे. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. ते उत्तर १ मे किंवा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचून दाखवा. गावात नवे खोदकाम निघाले, तर ‘कॉल बिफोर यू डिग’ या अ‍ॅपवर आधी सूचना दिली आहे का, हेही ठेकेदाराला विचारा. हे अ‍ॅप मार्च २०२३ पासून त्याच कामासाठी आहे.

प्रश्न : घरात प्रत्येकाकडे मोबाइल आहे, त्यावर इंटरनेटही मिळते. मग वेगळे फायबर कनेक्शन घेण्याची गरज काय?
— एक वाचक, ता. जुन्नर, जि. पुणे

उत्तर : एकट्याने निरोप पाठवायचे आणि बाजारभाव पाहायचे, एवढेच काम असेल तर गरज नाही, आणि उगाच मासिक हप्ता मागे लावून घेऊ नये. मोबाइल टॉवरची क्षमता मात्र त्याच्या टप्प्यातील सर्व फोनमध्ये वाटली जाते, म्हणून संध्याकाळी सारे गाव घरी आले की वेग मंदावतो. घरात दोन मुले ऑनलाइन शिकवणीला बसत असतील किंवा कोणी घरून काम करत असेल, तर फरक पहिल्याच आठवड्यात जाणवेल. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही, ती अशी की टॉवरलाही मागून जोडणी लागते. गावात फायबर आला आणि टॉवर त्यावर जोडला गेला, तर कनेक्शन न घेणाऱ्याचा मोबाइलही सुधारू शकतो. शिवारात उभे राहून करायच्या ई-पीक पाहणीला मात्र घरातल्या फायबरचा उपयोग नाही.

प्रश्न : मुलगा आयटीआय झाला आहे. गावात घरोघरी कनेक्शन देण्याचे काम त्याला मिळेल का?
— एक वाचक, ता. चिपळूण, जि. रत्नागिरी

उत्तर : मिळू शकते. भारतनेटमध्ये स्थानिक उद्योजकाने घरांपर्यंत जोडणी द्यायची, ती सांभाळायची आणि महसुलात वाटा घ्यायचा, अशी व्यवस्था आहे. त्याने तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या बीएसएनएल कार्यालयात चौकशी करावी. फायबरचे जोड देण्याचे यंत्र महाग असते, म्हणून ते विकत घेण्याआधी आपल्या पंचायतीची पेटी खरोखर चालू आहे का, हे त्याने स्वतः जाऊन पाहावे, आणि कोकणातल्या पावसाळ्यात तुटलेल्या तारेमागे रात्री-अपरात्री धावण्याची तयारी आहे का, हे तुम्ही त्याला विचारावे.