विमानप्रवास आणि इन्सुलिनच्या सुया

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई इन्सुलिनवर आहेत, बाटली आणि सिरिंज वापरतात, पहिलाच लांबचा विमानप्रवास, मध्ये एकदा विमान बदलायचं, आणि घरच्यांचं म्हणणं, सुया सिक्युरिटीत अडकतील, त्यापेक्षा सगळं चेक-इन बॅगेत टाकून मोकळे व्हा.

नका टाकू. मी बरीच वर्षं इन्सुलिन घेतोय आणि कामामुळे विमानात बसणं सतत होतं. सुयांवरून फार तर दोन प्रश्न विचारले जातात. चेक-इन सामानाच्या कप्प्यात मात्र तापमानाचा भरवसा नसतो, आणि इन्सुलिन एकदा गोठलं की ते फेकायचंच. वितळल्यावर दिसायला नेहमीसारखं असलं तरी गुण गेलेला असू शकतो. बॅग भलत्याच विमानात गेली तर काय, हे वेगळं सांगायला नको.

सिक्युरिटीवाल्यांना नुसत्या सुया दिसल्या तर प्रश्न पडणारच. शेजारी औषध दिसलं की सहसा पडत नाही. म्हणून बाटली, सिरिंजा, ग्लुकोमीटर, लॅन्सेट (बोट टोचायच्या सुया) सगळं एकाच पारदर्शक पाऊचमध्ये, औषध त्याच्या मूळ खोक्यात आणि वर लेबल शाबूत. डॉक्टरांकडून लेटरहेडवर पत्र घ्या: पासपोर्टवर आहे तसंच नाव, आजार, औषधाचं जेनेरिक नाव (ब्रँडचं नाव परदेशात कुणाला कळेलच असं नाही), डोस, आणि 'प्रवासात सिरिंजा व सुया जवळ बाळगणं आवश्यक' हे वाक्य. पत्र इंग्रजीत असू द्या. प्रिस्क्रिप्शनची प्रत सोबत आणि दोन्हींचा फोटो मोबाइलमध्ये. बॅग पट्ट्यावर ठेवण्याआधीच पाऊच बाहेर काढून सांगायचं, 'इन्सुलिन आणि सिरिंजा आहेत.' मशीनमध्ये दिसल्यावर खुलासा करत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. विमान बदलताना पुन्हा तपासणी होऊ शकते, तेव्हा पाऊच बॅगेच्या तळाशी पुरू नका.

द्रव पदार्थांना १०० मिलीची मर्यादा आली ती २००६ साली ब्रिटनमध्ये द्रव स्फोटकांचा कट उघडकीला आल्यावर. प्रवासात लागणाऱ्या औषधाला त्यातून साधारणपणे सूट असते, आणि इन्सुलिनची बाटली तशीही १० मिलीची. नेहमीच्या एक्स-रे मशीनमधून इन्सुलिन गेलं तर काही बिघडत नाही. अंगावर इन्सुलिनचा पंप किंवा साखर मोजणारा सेन्सर लावलेला असेल तर मात्र कंपनीच्या सूचना आधी वाचा. काही उपकरणं स्कॅनरमधून न्यायची नसतात, तेव्हा हाताने तपासायची विनंती करायची.

थंडाव्याची काळजी लोक गरजेपेक्षा जास्त करतात. वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला टिकते. नेमकी मर्यादा खोक्यातल्या कागदावर असते. न उघडलेल्या बाटल्यांना २ ते ८ अंश हवेत, पण त्याही बर्फाच्या पॅकला थेट टेकवू नका, मध्ये कापड ठेवा. आणि 'विमानातल्या फ्रिजमध्ये ठेवता का' म्हणून क्रूच्या हाती अजिबात देऊ नका. एक तर तिथे कुठे किती गार असेल कळत नाही, दुसरं म्हणजे उतरताना विसरायला होतं.

एक प्रसंग हमखास गाठतो: विमान भरलेलं असतं आणि गेटवर हातातली बॅग 'खाली टाकतो' म्हणून मागून घेतात. त्या क्षणी पाऊच काढून खांद्याच्या पर्समध्ये. त्याच पर्समध्ये साखर किंवा ग्लुकोजही हवं, रक्तातली साखर एकदम उतरली तर. दुप्पट साठा घ्या आणि निम्मा तुमच्या हातातल्या बॅगेत ठेवा.

आता ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही ते. बाटलीतलं इन्सुलिन मुख्यतः यू-४० आणि यू-१०० (एका मिलीत ४० किंवा १०० युनिट) अशा दोन तीव्रतांत येतं, आणि सिरिंजाही त्या त्या मापाच्या: यू-४०ला साधारणतः लाल टोपण, यू-१००ला नारिंगी. बऱ्याच देशांत माणसांसाठी यू-४० मिळतच नाही. सिरिंजा संपल्या म्हणून तिथे नारिंगी टोपणाची घेतली आणि घरून नेलेलं यू-४० तिच्यात २० च्या खुणेपर्यंत भरलं, तर शरीरात जातील फक्त ८ युनिट. उलट झालं, म्हणजे यू-१०० इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० पर्यंत भरलं, तर ५० युनिट! जीवावर बेतेल. परक्या ठिकाणी बाटली किंवा सिरिंज, काहीही नवं घेतलं तरी दोन्हींवरचा आकडा जुळवून बघायचा, आणि हे आईंनाही नीट दाखवून ठेवा.

विमानात केबिनचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो, साधारण २,४०० मीटर उंचीवर असतो तितपत. त्यामुळे इन्सुलिन ओढण्याआधी बाटलीत नेहमीपेक्षा कमी हवा सोडा आणि सिरिंजमधले बुडबुडे नीट काढा. इन्सुलिनचं पेन वापरणाऱ्यांनी त्याला सुई लावून ठेवू नये. जेवणाआधीचं इन्सुलिन ताट समोर आल्याशिवाय घ्यायचं नाही. हादरे सुरू झाले की जेवण वाढणं मध्येच थांबतं.

वापरलेली सुई सीटच्या खिशात किंवा कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका, सफाई करणाऱ्याच्या हातात घुसते. फिरकीच्या झाकणाची जाड प्लॅस्टिकची छोटी बाटली पुरते. क्रूकडे सुयांचा डबा आहे का, हेही विचारता येतं.

पूर्वेकडे जाताना दिवस आखूड होतो, पश्चिमेकडे लांबतो. त्या दिवशीचे डोस डॉक्टरांकडून वेळेसह लिहून घ्या. इथे विचारून ठरवू नका. मॉर्फिनसारखं नियंत्रित औषध सोबत असेल तर मात्र नुसतं पत्र पुरेलच असं नाही, काही देश आधी परवानगी मागतात. ते त्या देशाच्या वकिलातीकडून तिकीट काढण्यापूर्वीच विचारून घ्या.

आईंची बाटली यू-४० आहे की यू-१००, आणि दिवसातून किती वेळा घेतात, ते लिहा. किती सिरिंजा न्यायच्या याचा अंदाज मग सांगता येईल.